शब्दचर्चा : ‘वळण’, ‘टंक’ आणि पाटीवरचं अक्षर

प्रश्न
जुन्या दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती यांतल्या हातच्या अक्षरांवरून बेतलेले, मोठ्या आकारात वापरायचे फाँट असतात. लेखात त्यांना काय म्हणावं? ‘शोभिवंत टंक’ (टंक म्हणजे फाँट) असं सुचवलं गेलंय, पण मला ते पटत नाहीये.

प्रतिसाद
‘शोभिवंत’ नकोच. शोभिवंत मासे असतात, झाडं असतात. इथे मुद्दा लांबून वाचता येण्याचा आणि नजर धरून ठेवण्याचा आहे. मी ‘मथळ्याचा टंक’ लिहितो. तोच टंक पुस्तकाच्या मजकुराला लावून बघा, चार ओळींत डोळे दमतात.

पण ‘टंक’वर सगळं भागत नाही. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, आणि ठसा उमटवलेलं नाणंही. म्हणजे दर वेळी तोच ठसा. छापखान्यातला खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, तोही तसाच. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा ‘क’ कितीही वेळा छापा, तोच. पाटीवर तसं होत नाही. आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर पाटी होती : ‘येथे दळण कांडप करून मिळेल’. ‘दळण’मधला ळ ऐसपैस, दोन्ही पोटं गोल. ‘मिळेल’पर्यंत येता येता फळी संपत आलेली, म्हणून तिथला ळ अंग चोरून उभा आणि शेवटचा ल कडेला टेकलेला. पण दोन्ही ळ एकाच हाताचे, हे लांबूनही कळायचं. त्या एकपणाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘वळण’. तो हाताचा असतो, खिळ्याचा नाही.

‘यात्रा’ हा फाँट बघा. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलाय. त्यातली रोमन अक्षरंसुद्धा देवनागरीच्या काटाने, म्हणजे बोरूच्या तिरक्या टोकाच्या कलाने काढलीत, त्यामुळे रोमन ‘O’चा जाड भाग नेहमीच्या विरुद्ध बाजूंना पडतो. घेतलंय ते वळण. झालाय तो टंक.

प्रतिसाद
‘सुलेखन’ का नको?

प्रतिसाद
सुलेखनात बोरूच्या किंवा टाकाच्या एका फटक्यात अक्षर उतरतं. पेंटर आधी खडूने रेघा मारतो, अक्षराची कड काढतो, मग आत रंग भरतो. ते रेखाटन आहे. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं केली तीही त्या त्या नाटकासाठी रेखाटलेली अक्षरं. पुढच्या नाटकाला नवी. त्यांना टंक म्हणणं मला चुकीचंच वाटतं.

प्रतिसाद
‘कित्ता’ विसरू नका. मूळ अरबी शब्द. वळण हाताचं खरं, पण कित्त्यावर ते दुसऱ्याने गिरवायचं असतं. टंकाच्या सर्वात जवळ जाणारी जुनी वस्तू तीच.

मूळ प्रश्नकर्ती
मग असं देते : “‘यात्रा’ हा लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा मथळा-टंक आहे.” जोडरेघ ठेवू?

प्रतिसाद
जोडरेघ नको, ‘मथळ्याचा टंक’च लिहा. ‘मथळाटंक’ म्हणताना जीभ अडखळते.