मुरडा म्हणजे कळ की आव?

खानापूरकर: आतड्यांच्या तक्रारी कशा ओळखाव्यात, याचं एक पत्रक कन्नडातून मराठीत करतोय. ‘होट्टे मुरित’ला मी सरळ ‘मुरडा’ लिहिलं. गावातली नर्सबाई हसली, ‘‘मुरडा म्हटलं की बायका आव समजतात.’’ खरंय. इथं मजकूर आतडं अडल्याचा आहे: कळ येते-जाते, उलट्या होतात, पोट फुगतं, शौच नि वारा दोन्ही बंद. मुरड्यात उलट सारखं पळायचं. मग लिहू काय?

निपाणीची लेक: ‘कळ’ लिहा की. आमची आई ‘पोटात कळा मारालेत’ म्हणते. मुरडा फक्त शेंबडासारखं पडायला लागलं की.

शब्दप्रेमी: ‘आंत्रशूळ’ हा नेमका शब्द असताना कळ कशाला? आणि ‘वारा बंद’ काय? ‘अपानवायूचा अवरोध’ म्हणा.

निपाणीची लेक: ते वाचणार कोण ओ? ‘वारा सरना’ लिहिलं तर माझी आजीसुद्धा उठून दवाखाना गाठेल.

टिळकवाडी: मुळात मुरडा कन्नडच. मुरुडशेंगेला कन्नडात एडमुरी म्हणतात, बलमुरीही. एड डावं, बल उजवं, मुरी म्हणजे पीळ. पिळाची शेंग, पिळाचं दुखणं! बाळगुटीत उगाळतात ती हीच.

शब्दप्रेमी: वाट मुरडते, करंजीला मुरड घालतात. सगळं अस्सल मराठी. उद्या करंजीही कन्नड म्हणाल.

टिळकवाडी: आमच्या शेजारी कर्जिकाई म्हणतात. बोला आता.

खानापूरकर: करंजी राहू द्या. पुढची ओळ अपेंडिक्सची आहे. ‘दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकतं’ असं केलंय. आंत्रपुच्छ लिहायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

निपाणीची लेक: ‘सरकतं’ तेवढं काढा. आमच्या काकांना नेमकं असंच दुखत होतं. बेंबी सरकलीय म्हणून दोन दिवस पोट चोळून घेतलं. ताप चढला, उलटी थांबेना, तेव्हा कुठं बेळगावला नेलं. तुमच्या ओळीत बेंबी आणि सरकणं शेजारी आले की लोक पुन्हा चोळायलाच जाणार.

खानापूरकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. ‘उतरतं’ करू?

निपाणीची लेक: उतरतं म्हणजे कमी झालं की ओ!

शब्दप्रेमी: ‘स्थलांतरित होते’.

टिळकवाडी: पोटातसुद्धा स्थलांतर? बरं, ते कानवले आणि करंजी एकच का?