एअरवर चालणारं फरशी धुवायचं मशीन खरंच घासतं पण आणि ओढतं पण का? मिक्सिंग रूमसाठी विचारतोय

शिरोलीकर_पेंट:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं पेंट युनिट आहे. मिक्सिंग रूम ४० फूट बाय २५ फूट, खाली इपॉक्सीची फरशी. रोज टोल्युइन, झायलीन, थिनर यांचं काम, त्यामुळे फरशीवर रेझिनचे थेंब चिकटलेले असतात आणि पिगमेंटची पावडर सगळीकडे. आत्तापर्यंत दोन मावशी संध्याकाळी गुडघ्यावर बसून थिनरच्या फडक्यानं पुसायच्या, मागच्या महिन्यात त्यातल्या एका मावशींना काम करता करता चक्कर आली, बाहेर मोकळ्या हवेत आणून बसवलं तेव्हा बरं वाटलं त्यांना, पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. आठ वर्षं त्या हेच काम करतायत आणि मी रोज बघत होतो.

डिस्पॅचला बॅटरीवर चालणारं स्क्रबर आहे, ते मिक्सिंगमध्ये न्यायला निघालो तर सेफ्टीच्या सरांनी दारातच थांबवलं, म्हणाले आत इलेक्ट्रिकचं काहीही न्यायचं नाही. आता एक सप्लायर कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारं मशीन दाखवतोय, म्हणतो एकाच पाइपच्या हवेवर ब्रश पण फिरतो आणि पाणी पण ओढून घेतो, मोटार नाही, वायर नाही. मला दोन गोष्टी कळत नाहीत. हवेनं ब्रश फिरेल हे समजतं, पण हवा आत सोडून पाणी ओढणार कसं? आणि तो म्हणतो ब्रशमधून बाहेर पडणाऱ्या हवेवरच सक्शन चालतं त्यामुळे हवा जास्त लागत नाही, हे खरं आहे का? आमच्याकडं १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आणि ५०० लिटरची टाकी आहे. कुणी वापरलं असेल तर सांगा की.

हवाफिटर:
दादा, पहिल्यांदा मावशींना ते थिनरचं फडकं आजपासून बंद करा, मशीन येईल तेव्हा येईल.

आता मशीनचं. यात दोन वेगळी यंत्रं एका गाडीवर बसवलेली असतात. ब्रशला एअर मोटर असते, बहुतेक व्हेनवाली. म्हणजे गोल पोकळीत रोटर जरा एका बाजूला सरकवून बसवलेला, त्याच्या खाचांत पट्ट्या, हवा आली की पट्ट्यांना ढकलत पुढं जाते आणि रोटर फिरतो. हिचा मोठा गुण म्हणजे ब्रश अडकला तर मोटर नुसती थांबते, जळत नाही, अडथळा काढला की परत फिरते. आणि हवा पसरताना थंड होते त्यामुळे मोटर तापायच्या ऐवजी गार पडते, दमट दिवसात सायलेन्सरवर दव धरतं इतकी. फक्त तिला तेल लागतं, म्हणून मोटरच्या आधी लाइनवर एफआरएल युनिट (हवा गाळणारं, दाब नेमका ठेवणारं आणि तेल सोडणारं) हवंच, नाहीतर पट्ट्या झिजून सहा महिन्यात मोटर मान टाकते.

सक्शनला मोटरच नसते. तिथं व्हेंच्युरी असते. ६ बारची हवा एका बारीक नोझलमधून सोडली की ती प्रचंड वेगानं सुटते, तिच्या आजूबाजूचा दाब पडतो, आणि ती आपल्याबरोबर शेजारची हवा खेचून घेऊन जाते. स्प्रे गनचा कप आठवा, पेंट कपातून वर येतो तो याच तत्त्वावर. इथं कपाच्या जागी बंद टाकी आहे आणि टाकीला पुढं स्क्वीजीचा, म्हणजे फरशीवरचं पाणी गोळा करणाऱ्या रबरी पट्टीचा, होज. टाकीतली हवा व्हेंच्युरी बाहेर काढते, ती भरून काढायला बाहेरची हवा स्क्वीजीच्या फटीतून आत धावते आणि फरशीवरचं पाणी उचलून आणते. पाणी टाकीत पडतं, हवा वरून निघून जाते. आत फिरणारा एकही भाग नाही, घासणार काय नि ठिणगी पडणार कुठून.

ब्रशच्या सुटलेल्या हवेवर सक्शन हे मात्र खोटं आहे. मोटरमधून बाहेर पडताना हवेत दाब जवळपास उरलेला नसतो, काम करून झालेलं असतं तिचं. तिच्यावर व्हेंच्युरी चालवायची म्हटली तर पुढं दाब अडवून धरावा लागेल, मग मागं ब्रशची मोटरच मंदावेल. दोघांना वेगवेगळी ताजी हवा लागते. त्यांचा पाइपिंगचा ड्रॉइंग मागा, टी, म्हणजे पाइपला फाटा फुटतो तो जोड, कुठं आहे ते बघितलं की कळेल.

आणि हवा भरपूर लागते. अर्धा-पाऊण एचपीची एअर मोटर २० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) आसपास खाते, फरशीचं पाणी नीट ओढणारी व्हेंच्युरी ५० धरा. झाले ७०. तुमच्या १० एचपी पिस्टनच्या प्लेटवर ४० लिहिलं असेल पण तो डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन जेवढी जागा झाडतो तिचा आकडा, खरी हातात पडते ती मोकळी हवा म्हणजे एफएडी, ती ३५ समजा. म्हणजे दर मिनिटाला ३५ घनफूट तोटा. ५०० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तुम्हाला १००० लिटर मोकळी हवा देते, म्हणजे पण ३५ घनफूटच. थोडक्यात टाकी फुल्ल असताना मशीन १ मिनिट जोरात चालेल आणि मग ब्रश रडायला लागेल.

शिरोलीकर_पेंट:
बापरे. सप्लायर म्हणत होता तुमचा कॉम्प्रेसर आरामात पुरेल. बरं झालं विचारलं.

नवीन_मेंबर_पुणे:
मध्येच विचारतो, आमच्या घरच्या व्हॅक्यूमला एक ब्रश आला होता तो पण वायर नसताना फिरतो, तो पण असाच एअर मोटरवर का?

हवाफिटर:
नाही, तो टर्बो ब्रश, त्याचं उलटं आहे. तिथं दाबाची हवा नसते, व्हॅक्यूमची मोटर जी हवा ओढते तीच जाता जाता एक छोटी पंख्यासारखी चक्री फिरवते आणि चक्री पट्ट्यानं ब्रशला फिरवते. म्हणून पिशवी भरली की ब्रश पण मंद होतो, ओढच कमी झाली ना. गालिच्यावरचे केस काढायला छान आहे पण फरशीला चिकटलेलं रेझिन घासायचा जोर त्यात नाही. आणि मागं इलेक्ट्रिक मोटर आहेच, त्यामुळे या दादांच्या कामाचं नाही.

नाशिकची_सफाईताई:
मी हाउसकीपिंगची कामं घेते, अंबडला दोन कोटिंगवाल्यांकडे एअरची मशीन आमच्या मुली चालवतात त्यामुळे हातातलं सांगते. सगळे ब्रशबद्दल विचारतात पण फरशी कोरडी होणं न होणं हे स्क्वीजीवर असतं. मशीनमध्ये क्रम असा, पुढं स्वच्छ पाण्याच्या टाकीतून थेंब थेंब पाणी ब्रशवर पडतं, ब्रश घासतो, मळ सुटून पाण्यात येतो, आणि मागून अर्धगोल स्क्वीजी ते पाणी गोळा करत मध्यावर आणते, मध्याला सक्शनचं तोंड असतं. पुढच्या रबराला खाली खाचा असतात तिथून पाणी आत येतं, मागचं रबर सलग असतं ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. मागच्या रबराला एक बारीक चीर गेली तरी फरशीवर लांबलचक ओली रेघ उमटते, मग लोक म्हणतात सक्शन गेलं. सक्शन नाही गेलं, रबर उलटं करून लावा, चारी कडा वापरता येतात एका रबराच्या.

पेंटवाल्यांकडे साधं रबर घेऊच नका दादा, तेल आणि थिनर लागून ते फुगतं आणि लाटांसारखं होतं. पॉलियुरेथेनचं मागा, ते साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं, पण थिनरचं थारोळं त्यावरून न्यायचं नाही.

दुसरं म्हणजे फेस. आपल्या बायकांना सवय असते साबण जास्त घालायची, फेस आला म्हणजे स्वच्छ झालं असं वाटतं, चूक त्यांची नाही आपण शिकवलेलंच नसतं. टाकीत पाणी भरलं की बॉल वर येऊन सक्शन बंद होतं, पण फेसानं बॉल उचलला जात नाही, फेस सरळ व्हेंच्युरीतून सायलेन्सरमधून बाहेर उडतो, एकदा आमच्या मुलीच्या ओढणीवर सगळं काळं पाणी उडालं होतं. फेस न येणारं लिक्विड घ्या आणि टाकीत चमचाभर डिफोमर टाका.

आणि आवाज. सायलेन्सर असला तरी आवाज होतो, कानाला मफ द्या, त्यात काटकसर करू नका.

रोह्याचा_सेफ्टीवाला:
तुमच्या सेफ्टीच्या सरांनी अगदी योग्य केलं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे कोल्हापूरच्या डिसेंबरातल्या पहाटे सुद्धा तुमची फरशी त्याहून गरम असते आणि सांडलेल्या टोल्युइनची वाफ पेट घ्यायच्या स्थितीत असते. वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच फरशीलगत पसरते, आणि स्क्रबर नेमका तिथलीच हवा ओढून आपल्या पंख्यातून नेतो. साध्या व्हॅक्यूम मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, त्यांची ठिणगी चालू असताना सतत पडतच असते. बॅटरीच्या मशीनचे स्विच, कॉन्टॅक्टर यांचंही तेच. इलेक्ट्रिक हवंच असेल तर फ्लेमप्रूफ मशीन (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी) मिळतात, त्याला पेसोची, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील वस्तूंच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता बघावी लागते, पेसोचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, पण छोट्या युनिटला ती मशीन परवडत नाहीत म्हणून लोक एअरवर येतात.

पण एअरचं म्हणजे आपोआप सुरक्षित असं डोक्यात घेऊ नका. स्टॅटिक राहतेच. कोरडी पावडर प्लास्टिकच्या होजमधून वेगानं जाते तेव्हा होजवर चार्ज साठतो, आणि तो एकदम सुटला की ठिणगीच. होज कंडक्टिव्ह हवा, गाडीची बॉडी, टाकी, स्क्वीजी सगळं एकमेकांना जोडलेलं आणि अर्थिंगची क्लिप लावलेली हवी. टोकापासून टोकापर्यंत मेगरनं (रेझिस्टन्स मोजायचं मीटर) मोजून घ्या, रेझिस्टन्स १० लाख ओहमच्या आत आला पाहिजे, आणि हे मोजायचं काम मिक्सिंगच्या बाहेर करायचं. ब्रश नायलॉनचा, तारेचा अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियमचा भाग गंजलेल्या लोखंडावर आपटला तरी गरम ठिणगी पडते, तेवढं बघा.

व्हेंच्युरीची बाहेर जाणारी हवा पण विसरू नका. मशीन पाणी टाकीत ठेवतं, वाफ नाही. वाफ सायलेन्सरमधून तशीच खोलीत येते, मावशींच्या नाकाशी. एक्झॉस्टला होज लावून बाहेर सोडा, तो शक्य नसेल तर काम चालू असताना रूमचा फ्लेमप्रूफ एक्झॉस्ट फॅन चालू पाहिजे. आणि थारोळं सांडलं असेल तर आधी वाळू किंवा अ‍ॅब्सॉर्बंटनं टिपून उचला, मशीन पातळ थर आणि मळासाठी आहे, बादलीभर सॉल्व्हंट ओढायला नाही. टाकीतलं पाणी गटारात सोडायचं नाही. पेंटचा गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे हॅझार्डस वेस्टमध्ये येतो, तो ड्रममध्ये साठवून एमपीसीबीची (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) परवानगी असलेल्या ठिकाणीच जायला पाहिजे.

नाशिकची_सफाईताई:
सर बरोबर बोलले, आणि एक विनंती, एअर गन घेऊन पावडर उडवून कोपऱ्यात गोळा करायची पद्धत असेल तर ती पण बंद करा. सगळी पावडर उडून छातीत जाते आणि परत फरशीवर बसते.

हवाफिटर:
ताई हे अगदी मनातलं बोललात. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ नावाच्या इंजिनियरनं दाबाच्या हवेनं धूळ उडवून साफ करायचं यंत्र बघितलं आणि त्याला प्रश्न पडला की उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही. त्यातून त्याचा व्हॅक्यूम क्लीनर आला. सव्वाशे वर्षं होत आली आणि आमच्या शॉपमध्ये हेल्पर अजून गन घेऊन उडवतच असतो. कॉम्प्रेसर तोच, पाइप तोच, गनच्या जागी व्हेंच्युरी लावली की तीच हवा धूळ ओढून घेते.

शिरोलीकर_पेंट:
सगळ्यांचे मनापासून आभार. सप्लायरला ड्रॉइंग मागितला, टीपासून खरंच ब्रशला आणि सक्शनला दोन वेगळ्या लाइन निघाल्या, त्याच्या सेल्समनलाच माहीत नव्हतं. त्याला सांगितलं मशीन आणून आमच्याच फरशीवर चालवून दाखव, रविवारी प्लांट बंद असताना, रूम मोकळी करून आणि फॅन लावून.

ट्रायलचं सांगतो. पहिल्यांदा त्यानं ८ मिलिमीटरच्या पीयू पाइपवर जोडलं तर ब्रश फिरेना. आमच्या फिटरनं अर्ध्या इंचाचा होज लावला तेव्हा फिरला. दोन्ही एकदम चालू केलं तर हवाफिटर भाऊंनी सांगितलं तसंच झालं, मिनिटाभरात गेज ५ च्या खाली आणि मागं पाणी राहायला लागलं. मग सक्शन बंद ठेवून नुसता ब्रश मारला, २० सीएफएम कॉम्प्रेसर आरामात देतो, साधारण १०० चौरस फुटाचा पट्टा घासून ५ मिनिटं पाणी तसंच भिजत ठेवलं, तेवढ्यात कॉम्प्रेसरची टाकी परत ८ बारवर. मग ब्रश बंद करून नुसतं सक्शन मारत परत आलो. पट्टा कोरडा, आणि भिजल्यामुळे रेझिनचे थेंब सुद्धा बरेचसे निघाले, राहिले ते प्लास्टिकच्या पट्टीनं निघाले. रूमचे असे १० पट्टे, पावणेदोन तास लागले.

हवाफिटर:
मस्त. याला आमच्यात डबल पास म्हणतात, चिकट मळाला एका फेरीपेक्षा हेच बरं, कॉम्प्रेसर मोठा असला तरी. फक्त खर्च धरून ठेवा, १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, पावणेदोन तास पूर्ण लोडला म्हणजे १३ युनिट. इलेक्ट्रिक स्क्रबरला याच्या आसपास पण लागत नाही, हवेवर काम महागच पडतं. स्प्रे बूथ चालू असताना मात्र करू नका, गनला हवा कमी पडून पेंटची वाट लागेल.

शिरोलीकर_पेंट:
हो, बूथ बंद झाल्यावरच, संध्याकाळी ६ नंतर. १३ युनिट म्हणजे युनिटला १० रुपये धरले तरी १३० रुपये, ते चालेल. रोज पूर्ण रूम नाही करणार, मिक्सरच्या भोवतीचे तीन पट्टे रोज आणि सगळी शनिवारी. एक्झॉस्टचा होज खिडकीतून बाहेर काढायला सांगितलाय, मेगरिंग झाल्यावरच पैसे देणार.

मशीन कोण चालवणार यावर हेल्पर पुढं आला होता, पण मावशी म्हणाल्या आम्हीच चालवतो, आमचं काम आहे ते. परवा दोघींनी उभ्यानं एक पट्टा मारून बघितला. हँडल जरा उंच आहे, ते खाली करून देता येतं का ते सप्लायरला विचारलंय.

नाशिकची_सफाईताई:
येतं, बहुतेक मशीनला हँडलखाली दोन बोल्ट असतात. आणि स्वच्छ पाण्याची टाकी पहिले काही दिवस अर्धीच भरा दादा, पूर्ण भरली की वळवताना खांद्यावर येतं.