मदत हवी आहे: रिख्टर यांच्या सोफिया मैफलीची एल. पी. तबकडी कशी स्वच्छ करावी?

नमस्कार. माझ्या वडिलांच्या संग्रहात स्वियातोस्लाव रिख्टर यांनी २५ फेब्रुवारी १९५८ रोजी बल्गेरियातील सोफिया येथे केलेल्या पियानोवादनाची एल. पी. आहे. रशियन संगीतकार मुसोर्गस्की यांनी आपले चित्रकार मित्र हार्टमन यांच्या स्मरणार्थ १८७४ मध्ये रचलेली 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ही रचना अनेकांनी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांच्या वाद्यवृंदी रूपातच ऐकलेली असते. या तबकडीवर ती मूळ रूपात, एकट्या पियानोवर आहे. ऐन थंडीतले श्रोते सतत खोकत असतात, पण 'कीव्हचे महाद्वार' या शेवटच्या भागापर्यंत ऐकणारा जागचा हलत नाही. वडिलांना तो खोकलाही प्रिय होता.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी राहिल्यामुळे तबकडीच्या कडेला बुरशीचे पांढुरके ठिपके आले आहेत, आणि सुई तेथे पोहोचली की मंद स्वर चरचरीखाली पूर्ण बुडतात. मऊ ब्रशने कोरडी धूळ निघाली, ठिपके मात्र तसेच आहेत. लाखेच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नये हे मला ठाऊक आहे; ही व्हिनाइलची असल्याने डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसणे कितपत सुरक्षित ठरेल? ज्यांनी स्वतः अशी बुरशी काढली आहे, त्यांनी प्रमाण व पद्धत कृपया सांगावी. तसेच, खोकला न पुसता केवळ चरचर कमी करून डिजिटल प्रत काढून देणारे कोणी कोल्हापूर किंवा सांगलीत असल्यास अवश्य कळवावे.