इंजिनंच नव्हती, तर विमानं कुठली?

पंखा: जर्मनीचं लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ म्हटलं की सगळे आरेखनाचं कौतुक करतात. पण मे १९३५ मध्ये ऑग्सबर्गला त्याचा पहिला नमुना उडाला तो रोल्स-रॉइसच्या केस्ट्रेल इंजिनावर, म्हणजे चक्क ब्रिटिश! विमान बेतलं होतं युंकर्सच्या युमो २१० साठी, ज्याचे सिलिंडर खाली तोंड करून बसतात. ते वेळेत आलंच नाही, म्हणून सरळ उभं केस्ट्रेल नाकात कोंबलं. सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या स्टुकाच्या पहिल्या नमुन्याचीही तीच गत. हाइंकेल १११ हे दोन इंजिनांचं बॉम्बर बीएमडब्ल्यूच्या जुन्या इंजिनांवर इतकं सुस्त निघालं की ती पहिली विमानं चीनला विकून टाकली. मग डीबी (डाइमलर-बेंझ) ६०० लागलं, विमान पळू लागलं, तर डीबी कमी पडतात म्हणून पुढे युमो २११ गळ्यात मारलं. १९३९ पर्यंत लुफ्तवाफेची, म्हणजे जर्मन हवाई दलाची, विमानं इंजिनांनी ठरवली, सेनापतींनी नाही.

नाममात्र: असहमत. टंचाई काय आभाळातून पडली? पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने लष्करी विमानांवर बंदी आली, त्यात जर्मनी मागे पडला, कबूल. पण १९३४ ची योजना बघा: ४,०२१ विमानं, त्यात सगळ्यात जास्त प्रशिक्षणाची. आकडा फुगवायची घाई आधी, इंजिनांचा विचार नंतर. एप्रिल १९३७ मध्ये डॉर्नियर १९ आणि युंकर्स ८९ हे चार इंजिनांचे बॉम्बर रद्द केले, तेही जर्मन हवाई मंत्रालयानेच.

पंखा: अहो, ते तर माझ्याच बाजूचं झालं! चार इंजिनांत दोन हाइंकेल १११ होतात. शिवाय डॉर्नियर १९ च्या इंजिनांत सातशेच्या आसपास अश्वशक्ती. तेवढ्यावर ते धूड काय उडणार?

घारू: तुम्ही दोघं एक गोष्ट विसरताय. डीबी ६०१ मेसरश्मिट १०९ आणि ११० साठी राखीव होतं. त्यामुळे मार्च १९३९ मध्ये ताशी ७४६ किलोमीटरचा विक्रम करूनही हाइंकेल १०० या लढाऊ विमानाला लुफ्तवाफेची ऑर्डर मिळाली नाही. उलट आरेखक कुर्ट टांकने आपल्या फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाला हवेने थंड होणारं बीएमडब्ल्यूचं गोल इंजिन लावलं, म्हणून त्याला वाट मिळाली. टंचाईने एक विमान मारलं, एक जगवलं.

नाममात्र: घारूंचा मुद्दा बिनतोड. पण मग हाइंकेल १७७ चं काय? दोन-दोन डीबी ६०१ जोडून डीबी ६०६ केलं, कारण मंत्रालयाला एवढ्या अवजड बॉम्बरनेही सूर मारायला हवा होता. एका विमानाला चार डीबी. तंगीतला माणूस असा खर्च करतो का, पंखाराव?