मुंबई-सुवेझ आगबोट 1830: इंजिन चाललं 21 दिवस, मग पोचायला 33 कसे लागले?

पागोळी:
नमस्कार मंडळी, जुन्या मुंबईबद्दल वाचता वाचता ह्यू लिंडसे नावाच्या आगबोटीपाशी येऊन अडकलेय. आपल्याच गोदीत वाडियांनी बांधलेली, 411 टनांची, 20 मार्च 1830 ला टपाल घेऊन मुंबईहून निघाली आणि 22 एप्रिलला सुवेझला लागली. झाले 33 दिवस. पण प्रत्यक्ष वाफेवर चालली ती म्हणे 21 दिवस आणि वर काही तास. मग उरलेले 12 दिवस ही बया काय करत होती? वादळ झालं किंवा इंजिन बिघडलं असं तर कुठे लिहिलेलं दिसत नाहीये. आणि दुसरं म्हणजे वाऱ्याची वाट बघायला नको म्हणूनच आगबोट आणली ना, तरी पावसाळ्यात ही सुवेझची टपाल बंद का असायची?

जुनं_पाकीट:
पागोळीताई, बोट कोळसा भरत होती. खरंच, ते 12 दिवस जवळपास सगळे त्यातच गेले.

झालं काय की बोट बांधली तेव्हा कोळसा ठेवायची जागा होती साधारण साडेपाच दिवसांपुरती. आणि मुंबईहून पहिला कोळशाचा थांबा एडन, 1,641 मैलांवर, म्हणजे 11 दिवस. हिशोब निघायच्या आधीच चुकलेला. मग काय, केबिनमध्ये कोळसा, डेकवर कोळसा, जिथे माणूस झोपायचा तिथे कोळसा, बोट इतकी जड झाली की पार पाण्यात बसली. एवढं करून एडनला टेकली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता!! वारा थोडा उलटा लागला असता तर टपाल बसली असती समुद्रात डुलत.

एडन तेव्हा इंग्रजांचं नव्हतं, ते त्यांनी घेतलं जानेवारी 1839 मध्ये, आणि घेण्यामागे हे कोळशाचं कारण होतंच. 1830 मध्ये तिथे आधी पाठवून ठेवलेला कोळसा बोटीवर चढवायलाच सहा दिवस गेले. मग पुढे तांबड्या समुद्रातली मोखा, जेद्दा, कोसेर ही बंदरं, परत तोच प्रकार.

यातली गंमत अशी की हा कोळसा यायचा इंग्लंडहून, शिडाच्या जहाजातून, आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. म्हणजे टपालीचे काही आठवडे वाचवायला जो कोळसा जाळायचा तो स्वतः महिनोन्महिने प्रवास करून आलेला. लंडनमधले ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर खर्चाचा आकडा बघून उखडले ते उगाच नाही. मुंबईचे गव्हर्नर माल्कम मात्र या बोटीच्या बाजूने होते, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतः तिच्यातूनच परत गेले.

इंजिनरूम:
पावसाळ्याचं मी सांगतो, जहाजावर नोकरी केलीय म्हणून (डिझेलच्या, वाफेच्या नाही, एवढा म्हातारा नाहीये).

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात वारा नैऋत्येचा, म्हणजे मुंबईहून एडनला जाताना बरोबर तोंडावर. ह्यू लिंडसेला 80 हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, आजच्या हिशोबात खेळणंच म्हणायचं. समोरून वारा आणि लाट असताना इंजिन चालू आहे, कोळसा जळतोय आणि बोट जागच्या जागी, असं होणार. आणि कोळसा आधीच काठावर.

त्यात ही दोन्ही बाजूंना चाकं असलेली बोट. बोट लाटेवर कलली की एक चाक हवेत गरगरतं आणि दुसरं खोल पाण्यात रुततं, इंजिनला दोन्हीकडून मार. शिवाय निघताना कोळशाने भरलेली म्हणून चाकं जास्त बुडालेली, आणि कोळसा संपत आला की बोट वर येते, मग चाकं पाण्याला नीट लागत नाहीत. मधले थोडे दिवसच काय ती बरी चालणार. अशा बोटीचं टाइमटेबल कोण छापेल हो!

परत येताना मे महिना संपायच्या आत, 29 तारखेला मुंबईत पोचली. अजून थोडा उशीर झाला असता तर पावसाने गाठलंच असतं.

मुरुडकर:
केबिनमध्ये कोळसा, डेकवर कोळसा आणि वरून बोट लागणार ती वेगळीच 😄 प्रवाशांना नमस्कार

पागोळी:
@जुनं_पाकीट हे भारी आहे. मग नंतर एडन मिळालं, मोठ्या बोटी आल्या, तेव्हा तरी टपाल वेळेवर यायला लागली का?

जुनं_पाकीट:
बरीच सुधारली, पण बोट ही साखळीतली एक कडी होती हे लोक विसरतात. 1840 नंतरचं लंडनचं पत्र घ्या. मार्सेय, तिथून बोटीने अलेक्झांड्रिया, मग कालव्याने आणि नाईलवरून कैरो, मग वाळवंटातून उंटावर नाहीतर घोडागाडीने सुवेझ, आणि मग मुंबईची बोट. भूमध्य समुद्रातली बोट उशिरा आली की सुवेझची बोट टपालीसाठी थांबून राहणार, म्हणजे मुंबईत उशीर, म्हणजे उत्तरालाही उशीर. वाळवंटातला टप्पा रेल्वेवर गेला तो 1858 मध्ये, कैरो-सुवेझ लाइन झाल्यावर. आणि 1869 ला सुवेझ कालवा उघडल्यावर टपाल लगेच त्यातून आली असं समजू नका, पुढची कित्येक वर्षं पिशव्या अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेनेच सुवेझला न्यायचे. कालव्यात बोटी अगदी हळू चालवायला लागायच्या आणि रात्री जाता यायचं नाही, रात्रीची वाहतूक सुरू झाली 1887 मध्ये, विजेचे दिवे आल्यावर.

चुकामूक म्हणजे काय ते बघायचं तर वॅगहॉर्नचं बघा. थॉमस वॅगहॉर्न, या मार्गाने टपाल नेता येते हे सिद्ध करायला 1829 च्या ऑक्टोबरात लंडनहून निघाला. सुवेझला त्याला एंटरप्राइझ नावाची आगबोट भेटायची होती, ती आलीच नाही. हा गडी उघड्या होडीतून तांबड्या समुद्रातून जेद्दापर्यंत गेला, तिथून कंपनीच्या जहाजाने मुंबईत आला 21 मार्च 1830 ला.

पागोळी:
थांबा थांबा, ह्यू लिंडसे 20 ला निघाली ना??

जुनं_पाकीट:
हो, एका दिवसाने हुकली.

मुरुडकर:
अरेरे. वॅगहॉर्नचा वेगळा धागा काढा राव, असा मध्येच सोडू नका