मंडळाची व्यायामशाळा की बाणेरचा क्लब? रविवारच्या आत ठरवायचंय

घाईत_गडबडीत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा.

घराजवळ मंडळाची व्यायामशाळा आहे, महिना ४०० रुपये. दुसरीकडे एक झकपक फिटनेस क्लब आहे, वर्षाचे ५६,००० अधिक १८ टक्के जीएसटी. ऑफर रविवारी रात्री संपतेय. तिथून दिवसातून दोनदा फोन येतो. व्यायामशाळेतल्या सरांनी मात्र वरही न बघता "या उद्यापासून" एवढंच म्हटलं.

दोन्ही बघून आलोय. क्लब एकदम भारी. एसी, स्टीम, धुतलेला टॉवेल, सगळं. व्यायामशाळा ठीक आहे. काय करू? "दोन्हीचे फायदे-तोटे असतात" छापाची उत्तरं नकोत, प्लीज.

कट्ट्यावरचा

राहता कुठे? वय काय? व्यायाम कशासाठी? यातलं अक्षर लिहिलेलं नाही आणि म्हणे पटकन सांगा.

घाईत_गडबडीत

कोथरूड. ४३. फिटनेससाठी, अजून कशासाठी असणार?

तालमीचा_गडी

डोळे झाकून व्यायामशाळा. ज्या पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं, पेठेपेठेत तालमी होत्या, त्या पुण्यात लोक टॉवेलसाठी छप्पन हजार मोजतायत! जोर, बैठका, मुदगल यांना एसी लागत नाही. घाम आलाच पाहिजे, त्याचसाठी तर जायचं. १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुण्याच्या पोरांनी मल्लखांब, लेझीम करून दाखवलं ते काय ट्रेडमिलवर तयार होऊन?

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवली ती आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं. सगळंच पुण्यात घडत नाही.

तालमीचा_गडी

बरं, अमरावती. मुद्दा तोच आहे.

निळा_डंबेल

मुद्दा तो नाहीच. मी दोन्हीकडे व्यायाम केलाय. मंडळाच्या व्यायामशाळेत संध्याकाळी सातला जाऊन बघा. एका बेंचवर चौघं, पाचवा "भाऊ, किती सेट राहिले?" विचारतोय. बारला लॉक नाहीत, म्हणून एका बाजूला सुतळी बांधलेली. सव्वा किलोच्या प्लेटा कधीच्या गायब, त्यामुळे वजन वाढवायचं तर एकदम पाच किलोने. नवख्या माणसाला हेच नडतं. थोडं थोडं वाढवता आलं तरच शरीर घेतं. क्लबमध्ये निदान छोट्या प्लेटा मिळतात.

तालमीचा_गडी

क्लबमध्ये बेंच रिकामा असतो कारण सगळे आरशासमोर फोटो काढत असतात.

हिशेबनीस

धागाकर्ते, १८ टक्के कुठून आले? २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, हेल्थ क्लब, योगवर्ग यांचा जीएसटी ५ टक्के झालाय. ५६,००० वर १८ टक्क्यांनी १०,०८० होतात, ५ टक्क्यांनी २,८००. फरक ७,२८० रुपयांचा. आधी ते कोटेशन लेखी मागा आणि त्यावर जीएसटी क्रमांक बघा. दरपत्रक जुनं असेल तर बदलून देतील. नसेल तर त्यांच्या मनात काय आहे ते तरी कळेल.

रोखठोक

पाच टक्के इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय आहे. मशिनं, भाडं, जाहिरात यांवर भरलेला कर क्लबला वळता करून घेता येत नाही. म्हणून काहींनी मूळ दर वाढवलेत. कर कमी झाला म्हणजे तुमचं बिल तेवढंच खाली येईल, या भ्रमात राहू नका.

हिशेबनीस

म्हणूनच लेखी मागा म्हटलं.

टेकडीवाला

दोन्ही सोडा. कोथरूडला राहून पैसे भरून चालायचं म्हणजे कमाल आहे. म्हातोबाकडून चढा, वेताळ टेकडीवर निघा. शहरातली सगळ्यात उंच जागा, मोर फुकट.

निळा_डंबेल

काका, टेकडी उत्तमच. पण चाळिशीनंतर स्नायू घटायला लागतात आणि टेकडीने दंड, पाठ, खांदे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. तो "वर" लोक वाचतच नाहीत.

टेकडीवाला

मोर दिसले का क्लबमध्ये?

कट्ट्यावरचा

धागाकर्ते, ऑफिस कुठे? किती वाजता मोकळे होता? क्लब नक्की कुठे?

घाईत_गडबडीत

क्लब बाणेरला, शीर्षकात आहे. ऑफिस हिंजवडी फेज २, आठवड्यातून तीन दिवस. बाकी दोन दिवस घरून. सुटायला सात-साडेसात. आणि हो, रक्तातल्या साखरेची एचबीए१सी तपासणी केली, ६.१ आलंय, डॉक्टर म्हणाले काहीतरी सुरू करा.

कट्ट्यावरचा

हे आत्ता सांगताय! "फिटनेससाठी" म्हणे.

मग हिशेब वेगळा झाला. ऑफिसच्या दिवशी बाणेर तुमच्या वाटेवर आहे. हायवेवर रेंगाळण्यापेक्षा तासभर तिथे घाम गाळलेला बरा, तोवर चांदणी चौकही जरा निवळतो. पण घरून काम असताना तुम्ही कोथरूडहून बाणेरला व्यायामाला जाणार? शनिवारी? रविवारी? मला नाही वाटत. म्हणजे वर्षाचे पैसे भरून पाचपैकी तीन दिवस.

फिजिओ_ताई

६.१ म्हणजे मधुमेहपूर्व पट्टा (५.७ ते ६.४). घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तुमच्यासाठी सगळ्यात कामाचे म्हणजे मांड्या आणि नितंबाचे मोठे स्नायू, कारण व्यायाम करताना आणि नंतरही रक्तातली साखर तेच जास्त ओढून घेतात. म्हणजे बैठका, लेग प्रेस, पायऱ्या. दंडाचे फुगे नंतर. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, त्याला कुठलीच फी नाही.

रक्तदाब तपासलाय का? वजन उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही हे पहिल्या दिवशी कोण सांगतं ते बघा. एसीपेक्षा याने ठरवा. व्यायामशाळेतले ते वर न बघणारे सर नवीन माणसाच्या बैठका बघतात का, हे अर्धा तास कोपऱ्यात उभं राहून पाहून या.

घाईत_गडबडीत

बीपी ठीक आहे. क्लबमध्ये ट्रेनरचे वेगळे पैसे म्हणाले, महिना ९,०००.

निळा_डंबेल

ते सगळीकडेच. फ्लोअर ट्रेनर मात्र मेंबरशिपमध्ये येतो, त्यालाच धरा.

ढोलाची_दोरी

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. व्यायामशाळा गणपतीत चालू असते का? आमच्या मंडळाची जुलैनंतर नावालाच चालू असते. पथकाचा सराव सुरू झाला की ढोल कुठे ठेवायचे, तर व्यायामशाळेत. लेग प्रेसच्या सीटवर ताशांच्या पिशव्या, रॅकला ध्वज टेकवलेले, खाली देखाव्याच्या लोखंडी सांगाड्याला वेल्डिंग चाललेलं. विसर्जनानंतर सामान हलायला दसरा उजाडतो. मी स्वतः पथकात आहे, तक्रार नाही करत, माहिती देतोय.

तालमीचा_गडी

आमच्याकडे असं होत नाही.

ढोलाची_दोरी

तुमच्याकडे पथक नसेल.

ग्राहक_राजा

पैसे परत मिळवण्याबद्दल सांगतो. पावतीवर "नॉन-रिफंडेबल" छापलं म्हणजे विषय संपला असं नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.

घाईत_गडबडीत

अजून पैसेच भरले नाहीत हो.

ग्राहक_राजा

भराल तेव्हा कामाला येईल. आणि "नो कॉस्ट ईएमआय" म्हणतील तर सावध. ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. उद्या क्लबला टाळं लागलं तरी फायनान्सवाल्याचा हप्ता चालूच राहतो. आमच्या सोसायटीतल्या एकाने असे हप्ते भरलेत, त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

सुपारी_लवंग

मला एक कळत नाहीये. बाणेरला ५६ हजार एकट्याचे? कुठला महाल आहे हा?

घाईत_गडबडीत

एकट्याचे नाहीत, दोघांचे. मी आणि बायको. कपल ऑफर आहे.

कट्ट्यावरचा

🙏

सुपारी_लवंग

एवढी चर्चा झाली आणि वहिनी आत्ता आल्या होय! त्या काय करतात? त्यांना कितीला वेळ असतो? त्या बाणेरला कशा जाणार, तुम्ही तर हिंजवडीहून परस्पर येणार. त्यांना विचारलंत तरी का?

घाईत_गडबडीत

ती शाळेत शिक्षिका आहे, कर्वेनगरला. दोनपर्यंत घरी येते. स्कूटरवर येईल म्हणाली बाणेरला. म्हणजे तसं म्हणाली नाही, पण येईल.

सुपारी_लवंग

रात्री आठला, कोथरूड ते बाणेर, स्कूटरवर, दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा असताना. वा दादा.

त्या व्यायामशाळेत लेडीज बॅच आहे का बघा. बऱ्याच मंडळांत दुपारची असते, कारण तेव्हा मुलगे नसतात. नोकरदार बायकांना ती वेळ अगदीच निरुपयोगी, यावर मी वेगळा धागा काढू शकते. पण दोनला घरी येणाऱ्या शिक्षिकेला सोन्यासारखी. बॅचला बाई शिकवायला असते की नुसतीच किल्ली देतात, हेही विचारा. आणि कपडे बदलायची खोली, तिच्या कडीसकट.

टेकडीवाला

वहिनींना टेकडीवर न्या.

सुपारी_लवंग

काका, प्लीज.

घाईत_गडबडीत

आज दोन्हीकडे जाऊन आलो, सगळ्यांचं एकदम सांगतो.

व्यायामशाळेत लेडीज बॅच साडेतीन ते पाच आहे. शिकवायला एक ताई येतात, राज्य पातळीवर पॉवरलिफ्टिंग केलेल्या. बायको बरोबर होती. ताईंनी तिला नुसती काठी खांद्यावर देऊन बैठका काढायला लावल्या आणि टाच उचलली जातेय म्हणून दोनदा थांबवलं. ती सोमवारपासून जातेय, ४०० भरून पावतीही घेतली. मी विचारायच्या आत भरून मोकळी.

गणपतीचं विचारलं. सर म्हणाले, दहा दिवस बंद, ढोल मागच्या शेडमध्ये असतात. शेड बघितली, खरंच आहे.

क्लबला रात्री आठला गेलो. ट्रेडमिल सगळे भरलेले, वजनांकडे तीन माणसं. एकट्याचे तीन महिन्यांचे किती म्हटल्यावर "सर, असा प्लॅनच नाही." जीएसटीचं लेखी मागितलं तर मॅनेजरला विचारून कळवतो. पार्किंगमध्ये पोचेपर्यंत फोन, तीन महिन्यांचे ११,००० आणि ५ टक्के. ऑफर संपते कधी विचारलं तर "तुमच्यासाठी पुढच्या रविवारपर्यंत ठेवू."

तेवढे तीन महिने ऑफिसच्या दिवसांसाठी घेतोय. घरून काम असेल तेव्हा सकाळी व्यायामशाळा, तेव्हा गर्दी नसते.

तालमीचा_गडी

म्हणजे शेवटी ११,००० घालवलेच.

निळा_डंबेल

ट्रेडमिल भरलेले आणि रॅक रिकामा म्हणजे तुमच्यासाठी लॉटरीच. बैठका तिथेच करा.

फिजिओ_ताई

तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, आधी केलं तर काही कळणार नाही.

नवीन_सभासद_४११०३८

लेडीज बॅचवाली व्यायामशाळा कुठली? पत्ता मिळेल का? मी पण कोथरूडला, मला पण दुपारी वेळ असतो.

घाईत_गडबडीत

व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय.