ऑक्टोपसी परत बघितला, घरच्या पोरांना दाखवू का?

खानापूरकर
ऑक्टोपसी कुणी अलीकडं परत बघितलाय का? रॉजर मूरचा बाँडपट, 1983 चा, उदयपूरवाला. लहानपणी व्हीसीआर भाड्यानं आणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून बघितलेला, त्यातलं डोक्यात राहिलेलं म्हणजे रिक्षाचा पाठलाग आणि विमानाच्या टपावरची मारामारी, बाकी काय आठवत नव्हतं. या आठवड्यात परत लावलो आणि खरं सांगतो, सव्वादोन तास जागचा हललो नाही. विमान, रेल्वे, सर्कस, लिलाव, फासे, वाघ, मगर, काय म्हणाल ते आहे त्यात. खरं मधेमधे असं काहीतरी येतंय की चांगला चाललेला सीन नासतोय. बाँडच्या मागं शिकारी लागलेत, हत्तीवरून खलनायक कमाल खान बंदूक घेऊन येतोय, जीव मुठीत धरून पळायचं सोडून हा वेलीला लोंबकळत टारझनसारखा ओरडतोय! आणि समोर वाघ आला तर त्याला कुत्र्यासारखं 'बस' म्हणतोय आणि वाघ बसतोय पण. अरे भीती तरी वाटू द्या की माणसाला.

आता विचारायचं असं की दिवाळीला पुण्याहून आणि बेंगळुरूहून भाचरं यायलीत, सगळी कॉलेजातली. त्यांना दरवर्षी एक जुना पिक्चर दाखवायची पद्धत आहे आमच्या घरी. यंदा हा लावावा असं फार मनात आहे, पण भारतातला भाग बघून पोरं तोंड फिरवतील काय अशी शंका येते. तेवढा भाग पळवत दाखवू, का सरळ अख्खा लावू, का दुसरंच काहीतरी बघू? ज्यांनी अलीकडं बघितलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

शहापूरची अक्का
पळवू नको रे बाबा, पळवलास तर अर्धा पिक्चर गेला. पण तुझी शंका बरोबर आहे आणि पोरं बोलणारच, बोलू दे.

मला त्यातला भारत बघताना खरंच राग येतो. एकाच बाजारात गारुडी, तलवार गिळणारा, खिळ्यांच्या खाटेवर झोपणारा, निखाऱ्यावर चालणारा, उंट, सगळे एका ओळीत उभे, जणू त्या दिवशी बाँडसाठीच बोलावलेत. आधी ताजमहाल दिसतो आणि लगेच पुढं आपण उदयपूरच्या पिछोला तळ्यात, आग्रा आणि उदयपूर काय शेजारशेजारची गल्ली आहे? जेवणाच्या ताटात अख्खं मेंढीचं मुंडकं, आणि तो कमाल खान त्याचा डोळा काढून खातो. जुगारात जिंकलेल्या नोटा बाँड आपल्याच हिंदुस्थानी सहकाऱ्याच्या हातात कोंबतो आणि म्हणतो, काही आठवडे तुझी करीची सोय झाली. हे वाक्य मला आजही सहन होत नाही. तो माणूस त्यांच्याच खात्याचा अधिकारी आहे, भिकारी नव्हे!

पण विजय अमृतराज बघ. टेनिस खेळणारा खरा अमृतराज, 1973 साली विंबल्डन आणि यूएस ओपन दोन्हीकडं क्वार्टर फायनलला गेलेला माणूस, आणि पडद्यावर इतका सहज की कुठंही नवखा वाटत नाही. पहिल्यांदा दिसतो तो गारुड्याच्या वेषात, पुंगीवर बाँडचीच धून वाजवत, पुढं रिक्षा चालवतो, गुंडांना रॅकेटनं हाणतो आणि बाजूची गर्दी मॅच बघितल्यासारखी माना इकडून तिकडं फिरवते. पोरं हसतील तिथं. आणि त्यालाच मारून टाकलंय, ते करवतीच्या यो-योनं. अख्ख्या भारताच्या भागात जिवंत वाटणारा एकच माणूस आणि त्याच्यासाठी पिक्चर जरासा थांबतो की लगेच पुढं पळतो. मला या पिक्चरमधली सगळ्यात मोठी चूक तीच वाटते, टारझनची आरोळी नव्हे.

अख्खा लाव. आणि ते करीचं वाक्य आलं की पोरांना विचार काय वाटलं. आमच्या घरात त्यावरून तासभर वाद झाला, लेक माझ्या बाजूनं आणि जावई त्या काळाच्या बाजूनं.

टिळकवाडी रिटायर्ड
अक्कांचं पटलं, पण कुणी स्टंटबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. आज सगळं कॉम्प्युटरवर होतं, पोरांना वाटतं तेव्हाही तसंच. सुरुवातीचं ते इवलंसं जेट विमान खरं आहे, बीडी-5 जातीचं, एका माणसाचं, कॉर्की फोर्नॉफ नावाच्या पायलटनं उडवलेलं. हँगरच्या एका दारातून आत शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडतं तो सीन थांबवून थांबवून बघा. विमानाची प्रतिकृती एका जुन्या जग्वार गाडीवर खांब लावून बसवली आणि गाडी हँगरमधून पळवली, गाडी दिसू नये म्हणून पुढं माणसं आणि सामान ठेवलं. मला हे कळल्यावर सीनची मजा कमी नाही झाली, उलट वाढली. आणि एवढं सगळं झाल्यावर तो विमान घेऊन पेट्रोल पंपावर उतरतो आणि टाकी भरा म्हणतो, ते मात्र झकास जमलंय, तिथं विनोद आगाऊ वाटत नाही कारण धोका संपलेला असतो.

शेवटची विमानावरची मारामारी तर अजून अंगावर येते. बीचक्राफ्ट 18 विमान, खरोखर हवेत, आणि टपावर खरोखरची दोन माणसं, बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड. कबीर बेदी आणि रॉजर मूर जवळच्या शॉटपुरते, लांबून दिसतात ते हे दोघं. वारा कपड्यात कसा भरतो, माणूस पाय टेकायला कशी जागा शोधतो, ते बघा म्हणजे खोटं आणि खरं यातला फरक पोरांना सांगायला लागणार नाही.

कबीर बेदीला संवाद जवळपास नाहीत हे मला आधी खटकायचं. आता वाटतं बरंच झालं. फासे हातात घेऊन चुरा करतो ना, तेवढ्यात त्याचा गोबिंदा, म्हणजे कमाल खानचा अंगरक्षक, काय चीज आहे ते कळतं. शेवटी उडत्या विमानात मालक म्हणतो बाहेर जा आणि बाँडला पकड, तेव्हा त्याच्या तोंडावर क्षणभर जे येतं ते बघाच, गडी जातो पण.

संकेश्वरी
माझं जरा वेगळं म्हणणं आहे. बाँडनं भारत चुकीचा दाखवला म्हणून आपण बोलायलोय, पण बाँडची नक्कल करून आपल्याच बाजूला त्याच्या किती आधी पिक्चर झालेत ते पोरांना माहीत आहे का? आमच्या घरी आई मराठी पिक्चरवाली आणि बाबा कन्नडच्या राजकुमारवाले, त्यामुळं दोन्ही बघतच मोठा झालो. डॉ. राजकुमार म्हणजे हेर सीआयडी 999, दोरै-भगवान जोडीचं दिग्दर्शन, 1968 ला 'जेडर बले', त्याच वर्षी 'गोवादल्ली सीआयडी 999', 1969 ला 'ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सीआयडी 999', ज्यात आपली हिंदीवाली रेखा आहे, आणि मग 1978 ला 'ऑपरेशन डायमंड रॅकेट'. त्यातलं राजकुमारनी स्वतः म्हटलेलं इंग्रजी गाणं तर आजच्या पोरांच्या मोबाईलवर पण फिरतंय.

चुका त्यात पण ढिगानं आहेत, लढाई चाललीय का नाच चाललाय कळत नाही कधीकधी. पण एक फरक आहे. तिथला हेर आपल्या भाषेत बोलतोय, आपल्यासारखा चालतोय, कुणाला खाली बघत नाही. ऑक्टोपसीत आपण सगळे मागं उभे आहोत, फेटा बांधून. म्हणून मी म्हणतो एक दिवस ऑक्टोपसी आणि दुसऱ्या दिवशी राजकुमार लावा, बेंगळुरूच्या भाचरांना कन्नड येतच असेल, पुण्याच्यांना ती सांगतील.

निपाणीचा बाळू
सगळ्यांनी भारतातल्या भागावरच लिहिलंय, पण पिक्चरचा जीव जर्मनीतल्या भागात आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तो भाग भारी का आहे ते कुणीतरी सांगायलाच पाहिजे म्हणून लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या.

गोष्ट काय आहे बघा. रशियाचा जनरल ऑर्लोव्ह, त्याला युरोपात सैन्य घुसवायचंय, वरिष्ठ ऐकत नाहीत. म्हणून तो अमेरिकन हवाई तळावर अणुबाँब फोडायचा आणि तो अपघात वाटला पाहिजे असा बेत करतो. म्हणजे लोकच म्हणतील आमच्या देशातून अमेरिकेचे बाँब हलवा, आणि ते हलले की वाट मोकळी. 1983 साली पश्चिम जर्मनीत अमेरिकेची नवीन क्षेपणास्त्रं ठेवण्यावरून लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, म्हणजे हा बेत हवेतला नव्हता. रत्नजडित फाबर्जे अंड्यांची चोरी, दागिन्यांचा धंदा, कमाल खान, हे सगळं या एका गोष्टीवरचं झाकण आहे. आणि बाँब कुठं लपवलाय तर सर्कशीत, ज्या तोफेतून माणूस उडवतात त्या तोफेच्या बुडाखाली.

आता शेवटचा अर्धा तास बघा. वेळ संपत आलीय, बाँड रस्त्यावर हात करतो तर गाडीतली पोरं थांबल्यासारखं करून चिडवून पुढं जातात. टेलिफोन बूथवर पोचतो तर एक बाई त्याच्या देखत आत शिरते. गॅजेट नाही, बंदूक नाही, साधा फोन मिळत नाही माणसाला! मग गाडी चोरून तळावर घुसतो, मागं पोलीस, आणि लपायला म्हणून विदूषकाचा वेष करतो. रिंगणात जाऊन जीव तोडून सांगतोय की इथं बाँब आहे, सगळ्यांना बाहेर काढा, आणि लोक हसायलेत, लहान पोरं टाळ्या वाजवायलीत, तळावरचा अमेरिकन जनरल पण हसतोय. तोंडावर रंग आणि डोळ्यात भीती. रॉजर मूरला लोक फक्त भुवई उडवणारा म्हणतात, त्यांनी हा सीन बघावा. पिक्चरच्या सुरुवातीला 009 नंबरचा ब्रिटिश हेर असाच विदूषकाच्या कपड्यात पळत पळत मेलाय, हातातून अंडं घरंगळतंय, म्हणजे या वेषात माणूस मरतो हे आपल्याला माहीत असतं. म्हणून हसू येत नाही.

खानापूरकर, तुम्ही म्हणालात ना चांगला सीन नासतो, मला वाटतं कारण हेच आहे. दिग्दर्शक जॉन ग्लेनला गंभीर गोष्ट सांगता येते, त्यानं ती सांगितलीय पण, आणि तरी त्याला विश्वास नव्हता की लोक तेवढ्यावर बसतील. म्हणून जंगलात माकडचेष्टा. त्याच वर्षी शॉन कॉनरीचा दुसऱ्या कंपनीचा बाँडपट पण येणार होता, त्यामुळं जास्तच पेरलं असेल कदाचित. पण जिथं विदूषकाचे कपडे घातलेत तिथं एक पण चेष्टा नाही.

सर्कशीचं मला जास्त का लागतं तर आपल्याच बाजूची ती कला आहे. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 ला ग्रेट इंडियन सर्कस काढली, अंकलखोपचे ते, म्हैसाळची देवलांची सर्कस आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तासगावच्या बाजूला घराघरात सर्कशीतली माणसं. आमच्या चुलत आजोबांनी तंबू ठोकायचं काम केलंय. ते सांगायचे की जोकर हा तालमीत सगळ्यात पक्का गडी असतो, झुला पण येतो, घोडा पण येतो, पडायचं कसं ते त्यालाच कळतं. ऑक्टोपसीतल्या सर्कशीतल्या बायका शेवटी महालाच्या भिंती चढून, दोर टाकून, एकीवर एक उभ्या राहून आत घुसतात ते लोकांना खुळचट वाटतं. मला नाही वाटत. ते काम त्या रोज करतात.

शहापूरची अक्का
बाळू, फोन बूथचं मी विसरलेच होते, छान लिहिलंस. पण त्या बायकांचं तुझं अर्धंच पटलं. चढतात त्या खऱ्या कसबानं, मान्य, खरं आधी ऑक्टोपसीच्या बेटावर त्यांना फिरवून बघण्याची वस्तू केलीय ते विसरू नको. ऑक्टोपसी स्वतः एवढा कारभार चालवणारी बाई, मॉड अ‍ॅडम्सनं ती किती रुबाबात उभी केलीय, आणि शेवटी काय तर तिला पळवून नेतात आणि बाँडनं सोडवायचं. बाँबची तोफ उघडायला कुलूप गोळी घालून फोडते ती, तेवढा मान मिळाला बिचारीला. हे पण पोरींना बोलू दे.

टिळकवाडी रिटायर्ड
आणि ऑर्लोव्हचा शेवट राहिला. रेल्वेच्या मागं पळत पळत सीमा ओलांडतो आणि पहारेकरी गोळ्या घालतात. ज्या माणसाला ती सीमा पुसायची होती तो तिथंच पडतो. आमच्या पिढीनं बर्लिनची भिंत पडताना बातम्यांत बघितली, 1989 ला, आताच्या पोरांना ती सीमा काय होती ते आधी दोन मिनिटं सांगा, नाहीतर रेल्वेचा सगळा भाग त्यांना नुसती धावपळ वाटेल.

खानापूरकर
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पळवत नाही, अख्खा लावतो. पाडव्याला जेवणं झाल्यावर ऑक्टोपसी आणि भाऊबीजेला राजकुमार. रिटायर्ड काका, जर्मनीच्या सीमेचं आधी सांगतो, नकाशाच काढून ठेवतो. अक्का, करीच्या वाक्याला पिक्चर थांबवणार. बाळू, जग्वार गाडीवरचं विमान आणि तुझं विदूषकाचं मात्र आधी सांगणार नाही, त्यांचं त्यांना दिसू दे, नाही दिसलं तर मग सांगतो.

संकेश्वरी दादा, चारातला कुठला लावू ते सांगा. 'जेडर बले' काळापांढरा आहे, पोरं बसतील का? का सरळ डायमंड रॅकेट?

संकेश्वरी
'जेडर बले'च लावा. बसतील की. गाणं मागितलं तर डायमंड रॅकेटमधलं तेवढं वेगळं दाखवा.